बाहेरून आलेली खोकेवाली

वीज कंपनीने 'प्रादेशिक विकास कक्ष' उघडला तेव्हा खोकेवालीला वाटलं, आता आपल्या मशीनचं दुखणं संपलं. तिचा हा भाबडेपणा समजण्यासारखा होता. कक्षाचा साहेब तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. शिवाय कक्षातले सगळे पंखे फिरत होते.

तिच्या कारखान्यात तशी चैन नव्हती. दुपारी व्होल्टेज पडलं की पुठ्ठा कापणारं मशीन अर्ध्या खोक्यात मान टाकायचं. बूट कंपनीने तर बजावलंच होतं, या वेळी खोकी वेळेवर आली नाहीत तर आम्ही दुसरा माणूस बघतो. हाताखाली सहा बायका, आणि सगळा पसारा त्या एका ऑर्डरवर उभा.

"भावोजी, आमच्या गल्लीत मोठा ट्रान्सफॉर्मर बसवा की."

"मोठा माळावर बसवलाय."

"माळावर कोण आहे?"

"कोणी नाही. म्हणून तर! उद्योग बाहेरून येणार, तर वीज आधी तयार हवी. याला दूरदृष्टी म्हणतात."

"आणि मी?"

"तू आहेसच गं. जे आधीपासून आहे त्याला विकास म्हणत नाहीत. त्याला ग्राहक म्हणतात."

आजवर माळावर बाहेरून फक्त एक गाढव आलं होतं. ते ट्रान्सफॉर्मरच्या सावलीत उभं राहून त्याची गुणगुण ऐकायचं. वरून विचारणा झाली तेव्हा भावोजींनी 'प्राथमिक स्वारस्य दिसून येत आहे' असं कळवलं होतं.

खोकेवालीने वाद घातला नाही. तिने मशीन टेम्पोत चढवलं, बायकांना मागे बसवलं आणि थेट नाक्याबाहेर नेलं. तिथे सगळ्यांनी चहा घेतला. मग टेम्पो वळवून तिने विकास कक्षाला फोन लावला.

"आम्ही उद्योग बोलतोय. बाहेरून येतोय."

"कधी येताय?" पलीकडच्या कारकुनाने घाईघाईने वही पुढे ओढली.

"चहा संपला की."

माळावर सतरंजी पडली, पुष्पगुच्छ आला, भावोजींचे वरचे मोठे साहेब आले. टेम्पोतून मेव्हणी उतरताना पाहून भावोजींच्या तोंडचं पाणी पळालं.

"तू?"

"माफ करा, आपली ओळख? मी बाहेरची."

भावोजींनी एकदा मोठ्या साहेबांकडे पाहिलं, एकदा गाढवाकडे. दोघांपैकी नोकरी कोणाच्या हातात आहे ते आठवून त्यांनी घसा खाकरला आणि "आज दूरवरून..." अशी सुरुवात करून लांबलचक भाषण ठोकलं.

"आमचाच प्रदेश का निवडलात?" मोठ्या साहेबांनी कौतुकाने विचारलं.

"जवळ पडतो."

टाळ्या पडल्या. वायरमनने जोडणी दिली. टाळ्यांकडे ढुंकूनही न बघता बायका कामाला लागल्या. भर दुपारी, एरवी मशीन मान टाकायचं त्या वेळेला, एकामागून एक अख्खी खोकी बाहेर पडू लागली. संध्याकाळच्या आत बूट कंपनीचा माल पुरा होणार होता. खोकेवालीने पहिल्यांदा खांदे सैल सोडले.

"आधी कारखाना कुठे होता?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"होता असाच एका ठिकाणी. पण तिथल्या वीज कंपनीत नुसते दगड भरलेले. दारी आलेलं माणूस दिसत नाही, आणि मोकळ्या माळाला हार घालतात."

"अरेरे! असतात अशीही माणसं," मोठे साहेब हळहळले.

भावोजींनी मान डोलावली. सगळ्यांत जोरात.