जावयाचा सत्कार

अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळाला सत्काराची खोडच आहे. कुणाचं पोरगं कसल्याशा स्पर्धेत दुसरं आलं, कुणाला ग्रीन कार्ड मिळालं, कुणाचा गुडघा बदलला, की आमचे अध्यक्ष गुरुनाथकाका शाल-श्रीफळ घेऊन उभेच. शालींचा गठ्ठा ते पुण्याहून आणतात. मी त्यांची यथेच्छ टिंगल करायचो. आता त्या शालींचं नाव काढलं तरी अंगावर काटा येतो.

माझ्या शेजारी राधिका राहते, नागपूरची. तिचा नवरा तोमास वेलुआ नावाच्या बेटावरचा. तिथे परवापरवापर्यंत राजा होता. लोकांनी राजवाडा घेरला तेव्हा तो पळाला आणि उत्तरेकडच्या एका बंदरात हंगामी सरकार बसलं. राज्यघटना लिहायची, निवडणूक घ्यायची आणि देश प्रजासत्ताक झाला की आपापल्या घरी जायचं, एवढंच त्या सरकारचं काम. पण राजाची माणसं अजून मोकाट होती. त्यांनी हंगामी सरकारच्या वीजमंत्र्याला भर बाजारात गोळ्या घातल्या. त्या रिकाम्या खुर्चीसाठी तोमासला विचारणा झाली, कारण इथे मोटार कंपनीत बॅटरीवर काम करण्याआधी तो बेटावरच्या वीजकेंद्रात इंजिनियर होता.

तो हो म्हणाला. राधिकाने त्याच्याशी बोलणं टाकलं, मग रडली, मग त्याची बॅग भरायला घेतली. जाणं अगदी गुपचूप ठरलं होतं. शेजारच्या देशात उतरायचं आणि तिथल्या धक्क्यावरून कोळ्याच्या होडीने उत्तरेला जायचं. तो बंदरात सुखरूप पोचला की मगच नवा मंत्री कोण ते जाहीर होणार होतं.

एका माणसाला मात्र सांगणं भाग होतं. नैना त्यांची मुलगी, पहिलीतली. शाळा सुटल्यावर तिला सांभाळायला कुणीतरी हवं, म्हणून राधिकाने गुरुनाथकाकांच्या बायकोला, नीलांबरीकाकूंना विश्वासात घेतलं. "काकू, प्लीज, कुणाला बोलू नका हं," असं दोनदा बजावलंही. काकूंनी कुणालाच सांगितलं नाही, फक्त काकांना सांगितलं. नवऱ्याला सांगणं हे आपल्याकडे सांगण्यात धरतच नाहीत.

शनिवारी काकांनी राधिका-तोमासला आणि मला "सहज जेवायला या" म्हणून बोलावलं. बेसमेंटमध्ये उतरलो तर मंडळाचा फलक, समई, खुर्च्या आणि निम्मं नोव्हाय. राधिका पायरीवरच थांबली.

"काका, हे काय?"

"अगं, आपला जावई मिनिस्टर होतोय! असाच सोडायचा होय?"

"काका, ते सीक्रेट आहे!"

"मग? इथे बाहेरचं कोण आहे? सगळी घरचीच माणसं."

तोमासने तिचा हात दाबला. तो मुळात भिडस्त, आणि समोर वडीलधारा माणूस हात पसरून उभा. त्याने मान वाकवली, खांद्यावर शाल घेतली, नारळ दोन्ही हातांत धरला आणि हसला. काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून फोटो काढवला. "मंगळवारी आपले जावई निघतायत," हेही भाषणात आलं. "फोटो फक्त आपल्या ग्रुपवर हं," असं काकांनी चारचौघांत बजावलं. त्या ग्रुपवर तीनशे घरं आहेत. आम्ही सगळे श्रीखंडावर तुटून पडलो.

मंगळवारी तोमासला सोडायला मी त्या दोघांना एअरपोर्टला घेऊन निघालो. हायवेवर तोमासचा फोन वाजला. बेटावरून त्याच्या बहिणीचा मेसेज होता, आणि सोबत तोच फोटो. मंडळातल्या कुणीतरी कौतुकाने त्याखाली इंग्रजीत सगळा मजकूर लिहून, वेलुआचा हॅशटॅग लावून फेसबुकवर टाकला होता. नाव, खातं, मंगळवार, काही म्हणजे काही सोडलं नव्हतं. राजाची माणसं तो एकमेकांना पाठवत होती.

"विवेक, गाडी वळव," राधिका मला म्हणाली. "तोमास, कॅन्सल कर. आत्ताच्या आत्ता."

"होडीवाला निघालाय, राधिका. त्याला कॉन्टॅक्ट नाही करता येत." मग त्याच्या मोडक्या मराठीत, "एक मिनिस्टर मारला. दुसरा आलाच नाही. मग तिसरा कोण येणार? लोक म्हणतील, रिपब्लिक एका फोटोला घाबरला."

"म्हणू दे! नैनाला काय सांगू मी?"

मी गाडीचा वेग कमी केला. विमान चुकलं तर बरं, असं मला अगदी मनापासून वाटत होतं. तोमासच्या ते लक्षात आलं.

"विवेक, यार, फास्ट लेन," तो हळूच म्हणाला. मी लेन बदलली.

तो धक्क्यापर्यंत पोचला. होडीवाला पाण्यात उडी मारून वाचला, त्याने पुढचं सांगितलं. दोघेजण तोमाससमोर आले. एकाने हातातला फोन त्याच्या चेहऱ्याशेजारी धरला, एकदा स्क्रीनकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. मग दुसऱ्याने गोळी झाडली.

गुरुनाथकाका राधिकाकडे आले तेव्हा मी तिथेच होतो. आठवड्यात माणूस पार खचला होता. "पोरी..." म्हणाले आणि खुर्चीत बसले. मला त्यांचा संताप आला होता आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं. ओट्यावर सत्काराचा नारळ तसाच पडून होता. मग काका त्यांना जे एकच करता येतं त्याकडे वळले.

"रविवारी श्रद्धांजली सभा ठेवतोय. हॉल मिळालाय. त्याचा एखादा चांगला फोटो हवा होता, समोर ठेवायला."

राधिकाने शांतपणे फोन उचलला आणि काहीतरी पाठवलं. काकांच्या खिशात टिंग वाजलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं. शाल, नारळ, तोमासचं हसू, आणि त्याच्या पाठीवर त्यांचा स्वतःचा हात.

"हाच ठेवा, काका," राधिका म्हणाली. "चांगला आलाय. त्यांनीही त्याला याच्यावरूनच ओळखलं."