एक्याऐंशी ठोके

“शंभर!” दर दहा ठोक्यांना एक अशी खडूची दहावी रेघ बसवंतानं फळीवर ओढली आणि प्रेस थांबवला. “तुमचा काउंटर काय म्हणतो, अण्णा?”

मल्हाररावांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. “एक्याऐंशी.”

बसवंतानं फळीवरच्या रेघा पुन्हा मोजल्या. दहाच होत्या. चार दिवसांपूर्वी याच प्रेसवर गुंडो होता. अडकलेला पत्रा काढायला त्यानं हात घातला आणि थांबवलेला प्रेस आपोआप खाली आला. उजव्या हाताची तीन बोटं गेली. ब्रेकची स्प्रिंग तुटली होती. पन्नास हजार ठोके झाले की ती बदलायची, असा बंगळुरातल्या राजाजीनगरच्या त्या कारखान्याचा नियम. ठोके मोजणारा काउंटर मल्हाररावांनीच बसवलेला, आणि तो एकोणपन्नास हजारच दाखवत होता. म्हणजे यंत्र ठीक, चूक गुंडोची, असं चौकशीच्या कागदावर लिहूनही झालं होतं.

शंभराला एक्याऐंशी या हिशेबानं खरे ठोके साठ हजारांच्या घरात गेले असणार. मोठी ऑर्डर आली तेव्हा प्रेसचा वेग मिनिटाला चाळिसावरून साठावर नेला होता. काउंटरचा स्विच मात्र जुन्याच वेगाला जुळवलेला. एक ठोका नोंदून तो सावरायच्या आत कधीकधी दुसरा येई आणि निसटून जाई. स्विच पुन्हा जुळवायला हवा, हे मल्हाररावांच्या मनात तेव्हाच आलं होतं. पण लागोपाठ दोन पाळ्या झाल्या होत्या, पाय भरून आले होते. उद्या बघू, म्हणून ते घरी गेले. मग राहूनच गेलं.

दुपारी ते इंजिनियर हयवदन साहेबांपुढे कागद घेऊन उभे राहिले.

“काउंटर ठोके गाळत होता, साहेब. वेग वाढल्यावर मी तो जुळवला नाही.”

साहेबांनी कागद वाचला. “वेग मी वाढवायला सांगितला, हेही लिहिलंत?”

“झालं तसं लिहिलंय.”

“मल्हारराव, स्वल्प विचार करा. फोरमनसाठी तुमचंच नाव पाठवलंय. दोनच वर्षं राहिलीत तुमच्या नोकरीची.”

“होय, साहेब.”

साहेबांनी कागदावरून पुन्हा एकदा नजर फिरवली. “सरी, ठीक आहे. ठेवा तो कागद इथं.”

चामराजपेटच्या घरी रत्नाबाईंनी ताट वाढलं. सगळं ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, “फोरमनचं गेलं म्हणायचं.”

“गेलं.”

“आणि त्याची बोटं?”

मल्हाररावांनी भात कालवला. घास काही तोंडात गेला नाही.

महिन्याभरानं गुंडोवरचा ठपका निघाला. नोकरी राहिली, पण गेटवर. मल्हाररावांची बदली स्टोअरमध्ये झाली. तिथं बसायला स्टूल होतं, तरी संध्याकाळी पाय दुखायचेच.

एके सकाळी गुंडो गेटसाठी नवं कुलूप न्यायला आला. अपघातानंतर दोघांची नजर पहिल्यांदाच भेटली.

“तुम्ही लिहून दिलंत म्हणे.”

“हं.”

“तेव्हाच बघितलं असतंत, अण्णा, तर...” गुंडोनं वाक्य तिथंच सोडलं. मल्हाररावांनी मान खाली घालून कुलूप आणि पावतीचा कागद पुढं केला.

गुंडोनं विचारलं, “अंगठा चालेल काय?”

“सही कर. सावकाश कर.”

गुंडोनं डाव्या हातात पेन धरलं. पहिलं अक्षर वाकडं गेलं, कागद सरकला. मागं रांगेत उभी असलेली माणसं कुरकुरू लागली. मल्हारराव स्टुलावरून उठले, दोन्ही तळव्यांनी कागद घट्ट दाबून धरला आणि गुंडोचं पूर्ण नाव लिहून होईपर्यंत तसेच वाकून उभे राहिले.