व्याह्यांचा तंबू

माणसाने छप्पर शोधून काढले, त्याला भिंती जोडल्या, भिंतीला दार आणि दाराला कडी लावली. या उद्योगात त्याची काही हजार वर्षे गेली. एवढे सगळे मागे सोडून, पाठीवर कापडाची गुंडाळी घेऊन ओल्या गवतावर झोपायला जाणे, याला हल्ली विश्रांती म्हणतात. मावशीला हा विचार मुळीच मान्य नव्हता. पण तिने तो कुणापाशी बोलून दाखवला नाही, कारण ती सभ्य होती. आणि सभ्य माणसाच्या हातून जेवढे नुकसान होते तेवढे दरोडेखोराच्याही हातून होत नाही.

मावशीचे चष्म्याचे दुकान होते. खाली दुकान, वर दोन खोल्या, आणि दोहोंना जोडणारा एक अरुंद जिना. तो नेमका डोळे तपासायच्या खुर्चीमागे उतरत असे. बहीण आणि मेहुणा एकापाठोपाठ एक गेले तेव्हा चार वर्षांची भाची या जिन्यावरून खालीवर पळत मोठी झाली. एका जागी म्हणून बसायची नाही, तेव्हा तिचे नाव भिंगरी पडले. मुळाक्षरे ती भिंतीवरच्या तक्त्यावरून शिकली, आणि खालच्या ओळीतली अक्षरे वरच्यांची धाकटी भावंडे असतात अशी तिची बरेच दिवस समजूत होती. आता ती मुलांना पोहायला शिकवत होती आणि जमिनी मोजणाऱ्या एका शांत मुलाशी तिला लग्न करायचे होते.

दोन्ही घरांची पहिली भेट एका हॉटेलात झाली. हवेवर बोलून झाले, पडद्यांच्या रंगावर बोलून झाले. मग मुलाच्या आईने अत्यंत हळू आवाजात विचारले, "मुलीकडचं मोठं माणूस म्हणून कोण येईल, मॅडम?"

मावशी समोरच बसली होती. तिने हातरुमालाची घडी घातली, ती पुन्हा मोडून नीट घातली आणि म्हणाली, "ठरवून कळवते."

त्या रात्री तिने काय ते ठरवून टाकले. म्हणजे आपण मोजदादीत नाही. आई नाही, सासू होणार नाही, विहीण तर नाहीच नाही. उरलो एक मावशी, सणावारी बोलवावी आणि फोटोत कडेला उभी करावी. कुणाच्या उंबऱ्यात पाहुणी म्हणून ताटकळण्यापेक्षा आपणच गाव सोडलेले काय वाईट? धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात राहत होता. त्याने तिच्यासाठी जागा बघून ठेवली, इथले चालू दुकान विकत घेणारे गिऱ्हाईकही आणले. सोमवारी होकार कळवायचा होता. भिंगरीला मात्र तिने अजून अवाक्षर सांगितले नव्हते. ते या सहलीत, योग्य वेळ पाहून, सांगायचे होते. योग्य वेळ ही सभ्य माणसांची आणखी एक लाडकी पळवाट.

कारण सहल ठरली होती. हॉटेलातली ती गोठलेली भेट पाहून दोघा तरुणांनी घाबरून अशी टूम काढली की दोन्ही घरांनी शनिवार-रविवार तळ्याकाठी तंबूत राहावे, म्हणजे माणसे मोकळी होतील.

शनिवारी दुपारी सहा जण तळ्याकाठी जमले: मावशी, भिंगरी, मावशीचा भाऊ म्हणजे भिंगरीचा मामा, नवरामुलगा आणि त्याचे आईवडील. वडील लिफ्ट दुरुस्त करीत. आई एका मोठ्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघराची प्रमुख होती. दोन तंबू उभे राहिले, एका कापडी मांडवाखाली चूल आली. बसायला चटया होत्या आणि पाठ असलेली घडीची खुर्ची एकच. ती मुलाच्या आईने मावशीपुढे केली.

"आपण बसा ना."

"छे, आपण बसा. माझी पाठ चांगली आहे."

"मग हे बसतील."

"मी? मी दिवसभर बसूनच असतो," असे उभ्या जन्मात न बसलेले लिफ्टवाले म्हणाले.

खुर्ची मधोमध रिकामी राहिली आणि तिच्याभोवती एखाद्या मूर्तीभोवती उभे राहावे तशी चार वडीलधारी माणसे अवघडून उभी राहिली.

तळ्यापलीकडचे आकाश काळे पडू लागलेले सहाही जणांना दिसत होते. पण यजमान कोण आणि पाहुणे कोण हे ठरले नसल्यामुळे, 'परत जाऊ या' म्हणण्याचा अधिकार कोणाचा हेही ठरलेले नव्हते.

"छान गारवा सुटलाय," लिफ्टवाले म्हणाले. त्यांचे ओठ जांभळे पडले होते.

"आल्हाददायक आहे अगदी," मावशी म्हणाली आणि तिने हात काखेत दडवले.

तळ्यावरचा राखणदार सायकल ढकलत आला. वादळ येतेय, म्हणाला. मी फाटक बंद करून पुलाचा रस्ता अडवणार आहे, जायचे असेल तर आत्ताच निघा. पाणी पुलावर आले की सकाळपर्यंत सुटका नाही.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले.

"आपल्याला राहायचं असेल तर आमची काहीच हरकत नाही," मावशी म्हणाली.

"आमची कशाला असेल? आमच्यासाठी आपला बेत मोडू नका," मुलाची आई म्हणाली.

"मग राहायचंच म्हणता?"

"आपण म्हणाल तसं."

राखणदाराने या दोन बायकांकडे, एखाद्याने विहिरीच्या काठावर वेणी घालत बसलेल्या माणसांकडे पाहावे तसे पाहिले, आणि तो फाटक लावायला गेला. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. इथे तर ती सख्खी जुळी निघाली.

वारा आला तो सांगून आला नाही. रिकाम्या खुर्चीचा मान अखेर त्यानेच घेतला. ती दोन कोलांट्या मारून तळ्यात गेली. पाठोपाठ मांडव चुलीसकट उलटून तळ्यात गेला. गारा पडू लागल्या, चण्याएवढ्या, मग बोरांएवढ्या. पुरुषांचा तंबू मामाला पोटात घेऊन खाली बसला आणि आतून "मी इथे आहे! मी कुठे आहे?" असा तात्त्विक आक्रोश ऐकू येऊ लागला. भिंगरी आणि नवरामुलगा त्याला उकरायला धावले. उरलेला एकमेव तंबू एका बाजूने पतंगासारखा उचलला जात होता. त्याचा सुटलेला दोर मावशीच्या पुढ्यात नाचत होता.

"हा दोर... मी धरू का?" मावशीने विचारले. "आपलं काय मत आहे?"

तेव्हा ते झाले. ज्या आवाजाने शेकडो रुग्णांचे जेवण वेळेवर निघत असे, ज्याने मोठमोठे शल्यविशारद चहाचा कप मुकाट परत आणून ठेवत, तो आवाज आठवडाभराच्या कोंडमाऱ्यातून सुटला.

"अहो विहीणबाई! शोभेच्या बाहुलीसारख्या काय उभ्या राहिल्यात! धरा तो दोर! दोन्ही हातांनी! मत कसलं विचारताय, तंबू चाललाय!"

मावशीने दोर धरला. कित्येक वर्षांत तिच्यावर कुणी ओरडले नव्हते. तिच्या काळोख्या तपासणीखोलीत गिऱ्हाइकेसुद्धा कुजबुजत. तळहातांची आग झाली, तोंडावर गारा बसल्या, आणि छातीत कुठेतरी असे काही ऊबदार हलले की तिला क्षणभर वाटले, हा हृदयविकार असावा.

"ओढा! जेवला नाहीत का?"

"ओढतेय!" मावशी किंचाळली. स्वतःचा हा आवाज तिला नवीन होता आणि चक्क आवडला. "तुमच्या चिरंजीवांनी खुंटी कुठे ठोकलीय बघा! वाळूत! आणि म्हणे जमिनी मोजतो!"

 मुलाची आई भर गारांत कंबरेवर हात ठेवून हसत सुटली. "हे मात्र खरं बोललात! बापावर गेलाय!"

"मी लोखंडाच्या खोलीत काम करतो," लिफ्टवाले दुसरा दोर आवळत ओरडले, "मला वाळूचं काय विचारता!"

शेवटी चार माणसांच्या तंबूत सहा माणसे शिरली. चेन लावली. कुणाचे गुडघे कुणाच्या बरगडीत, मामाच्या केसांत चिखल, एका कंदिलाचा पिवळा उजेड. बाहेर आभाळ फाटले होते. आत थोडा वेळ फक्त दातांचा कडकडाट.

"एक विचारू?" मामा म्हणाला. "ही तंबूची हौस मुळात कुणाची?"

"बाबांना मोकळी हवा आवडते ना, म्हणून," नवरामुलगा म्हणाला.

"मला?" लिफ्टवाले उसळले, तंबूत उसळायला जागा नव्हती, म्हणून मामाही थोडा उसळला. "अरे, मला खिडकी उघडी चालत नाही! मला वाटलं, यांना झाडं आवडतात."

"मला कुंडीतली आवडतात," मावशी म्हणाली. "मी तर भिंगरीसाठी आले."

"आणि मी याच्यासाठी," भिंगरी म्हणाली. "मला पाणी आवडतं, मावशी, पण पोहायच्या तलावातलं!"

म्हणजे सहाच्या सहा माणसे दुसऱ्याचे मन राखायला आली होती, आणि ज्याचे मन राखायचे तो माणूस तिथे नव्हताच. आधी नवरामुलगा हसला, मग सगळेच. तंबूचे कापड बाहेरून वाऱ्याने आणि आतून हसण्याने थरथरू लागले.

"मी सांगते चूक कुणाची," मुलाची आई डोळे पुसत म्हणाली. "या मुलाची. मला बजावून ठेवलंय: मोठ्यानं बोलायचं नाही, कुणाच्या ताटात न विचारता वाढायचं नाही, मुलीच्या आईवडिलांचा विषय काढायचा नाही. मग माणसाने करायचं काय? हॉटेलात मी घाबरत घाबरत विचारलं, मोठं माणूस कोण म्हणून. वाटलं, या म्हणतील 'मीच', म्हणजे मग पुढचं बोलता येईल. तर या म्हणतात, 'ठरवून कळवते'! मी घरी जाऊन रडले हो. म्हटलं, या बाईला आपल्या घरी मुलगी द्यायचीच नाहीये."

मावशी पुढे सरकली. "तुम्ही मला विचारत होता?"

"मग काय पडद्याला?"

"मला वाटलं, मी सोडून दुसरं कोण, असं विचारताय."

"कमाल आहे! जन्मभर दुसऱ्यांची नजर तपासता, आणि समोरची बाई दिसली नाही?"

"तुम्ही 'मॅडम' म्हणत होता! कुणी विहिणीला मॅडम म्हणतं का?"

"आणि तुम्ही मला 'आपण आपण' करत होता! माझ्या नवऱ्याने मला आजवर 'आपण' म्हटलेलं नाही!"

"म्हटलं असतं तर जेवायला मिळालं नसतं," लिफ्टवाले म्हणाले.

पण मामा हा सत्याने चटकन भारावणारा माणूस होता. सगळे मन मोकळे करताहेत तर आपण मागे का राहावे, असे वाटून तो म्हणाला, "तरी मी ताईला म्हणत होतो, एवढ्यात दुकान विकून माझ्याकडे यायची घाई कशाला."

भिंगरी गर्रकन मावशीकडे वळली.

"दुकान विकून?" भिंगरी म्हणाली. "मावशी?"

योग्य वेळ अशी आली. मावशीने कोरडे उत्तर शोधले. पण त्या तंबूत कोरडे असे काहीच शिल्लक नव्हते.

"मला तुमच्या संसारात लुडबुड करायची नव्हती, ग."

"आणि मला विचारलं नाहीस?"

"विचारलं असतं तर तू भिडेखातर 'राहा' म्हणाली असतीस. तसलं राहणं मला नको होतं."

"भिडेखातर?" भिंगरीचा आवाज फुटला. "तुझ्याशी मी कधी भीड ठेवलीय? मी अजून तुझ्या कपाटातून तुझा स्वेटर न विचारता घेते! आत्ता अंगात कुणाचा आहे? आता मी रडू की रागावू ते तूच सांग."

"आधी ओले मोजे काढ!" मावशी आणि मुलाची आई एका दमात म्हणाल्या, आणि दोघींनी एकमेकींकडे चपापून पाहिले.

भिंगरीने रडत रडत मोजे काढले. मुलाच्या आईने आपली शाल तिच्या पायांभोवती गुंडाळली आणि मावशीकडे वळून दम भरला, "हे बघा. गाव सोडायचं असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे मी सगळं आत्ताच बोलून घेते. हा मुलगा ऐकून घेतो आणि मोजायला निघून जातो. हे 'हो' म्हणून मोकळे होतात. आज कित्येक वर्षांनी तोडीस तोड कुणी ओरडलं माझ्यावर. तुम्ही गेलात तर मी भांडायचं कुणाशी?"

 मावशीने तळहातावरचा दोराचा लाल वळ अंगठ्याने चोळला.

"अरे," ती भावाला म्हणाली, "सोमवारी त्या माणसाला सांग, दुकान विकायचं नाहीये."

"मी सांगू?"

"गिऱ्हाईक कुणी आणलं होतं?"

"हे मला मान्य आहे," मामा म्हणाला. इतका वेळ छातीशी धरलेली पिशवी त्याने उघडली. चूल तळ्यात गेली होती. पण त्याने पाव, उकडलेली अंडी आणि शेंगदाण्यांचा डबा वाचवला होता. मुलाच्या आईने कुणालाही न विचारता सगळ्यांच्या हातांवर वाढले.

"मला दोन अंडी नकोत," मावशी म्हणाली.

"खा मुकाट्यानं. लग्नात उभं राहायचंय तुम्हाला, माझ्या शेजारी."

"तुमच्या शेजारी का? तुम्ही माझ्या शेजारी!"

"मुलाकडचे आम्ही!"

"मग काय, मुलगी झाडाला लागली होती?"

लग्न कुठे करायचे यावरून वाद पेटला. माणसे किती बोलवायची यावर तो भडकला. लिफ्टवाल्यांनी कार्यालयाला लिफ्ट असायलाच हवी आणि ती मी आधी तपासणार, असे जाहीर केले, तेव्हा दोन्ही विहिणी प्रथमच एकत्र होऊन त्यांच्यावर तुटून पडल्या. भिंगरी मावशीच्या मांडीवर डोके ठेवून, शेंगदाणे खात, अधूनमधून दोन्ही बाजूंना चिथावणी देत होती. बाहेर वारा कधी पडला ते कुणाच्याही ध्यानात आले नाही.

कापडावर बाहेरून कुणीतरी बोटांनी टकटक केली. चेन खाली सरकली आणि टॉर्चच्या उजेडामागे राखणदाराचा चेहरा दिसला.

"सगळे ठीक आहेत ना? फाटकापर्यंत आवाज येतोय. भांडण चाललंय का?"

"हो!" मुलाची आई म्हणाली.

"लग्न ठरतंय," मावशी म्हणाली. "अजून बराच वेळ लागेल. आत यायचं तर या, नाहीतर ती चेन लावून घ्या. मुलीचे पाय आत्ता कुठे गरम झालेत."