रजिस्टरवरची सही

“सही करा मॅडम, वर पेशंट टेबलावर घेतलाय,” हर्षद म्हणाला.

सुलक्षणा धुरीने चाचणीच्या पॅकमधून काढलेली कागदी पट्टी त्याच्यासमोर धरली. “ही पूर्ण काळी व्हायला हवी होती सर. अर्धीच झालीय.”

“म्हणजे वाफ गेलीय ना आत?”

“अर्धी गेलीय.”

घाटकोपरच्या त्या पंचेचाळीस खाटांच्या प्रसूती रुग्णालयात तळघरातली एक खोली सुलक्षणाची होती. शस्त्रक्रियेची कात्री, चिमटे, कापडं तिथे धुऊन, बांधून, वाफेच्या मशीनमध्ये निर्जंतुक व्हायची. प्रत्येक खेपेची पट्टी रजिस्टरमध्ये चिकटवायची आणि शेजारी सही करायची. एकोणीस वर्षं ती हेच करत होती. शेवटची सहा वर्षं कंत्राटावर. वरच्या मजल्यांवर बाळंत झालेल्या बायकांना ती असल्याचंही ठाऊक नसायचं. त्यात वाईट वाटण्यासारखं काही आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं.

गेले दोन महिने मशीनचं दार नीट बसत नव्हतं. मेकॅनिकने रबर बदललं आणि सांगितलं, दारच वाकलंय, आता मशीनच नवीन घ्या. हर्षद रुग्णालयाचा प्रशासक. सगळं त्याच्या हातात होतं असंही नाही. मालक डॉक्टर ‘बघू’ म्हणायचे.

“पुढच्या महिन्यात येतंय नवीन मशीन,” तो म्हणाला.

“तोपर्यंत हत्यारांचे सेट बाहेरून करून आणू या. मुलुंडला करून देतात.”

“आणि बाहेर कळलं तर? इतकी वर्षं करताय मॅडम, एका पट्टीचं काय घेऊन बसलात?”

“एक नाही सर. सोळा झाल्यात. सोळाही वेळा तुम्हाला दाखवल्यात.”

“सही करताय की नाही?”

“नाही.”

हर्षदने तिच्या हातातलं पेन घेतलं, रजिस्टर ओढलं, स्वतः सही केली आणि वॉर्डबॉयला हाक मारली. सेट वर गेला. सुलक्षणा रिकाम्या ट्रॉलीकडे बघत राहिली. आधीच्या पंधरा खेपांना, कुरकुरत का होईना, तिनेच सही केली होती.

पाचव्या दिवशी श्रुतिका जिना उतरून खाली आली. ती ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर. रोज डबा खायला तळघरातच यायची.

“ताई, आठ नंबरची बाई परत आलीय. टाके पिकलेत.”

“कितवी गं ही?”

“तिसरी. या महिन्यातली.”

सुलक्षणा कधी वॉर्डात जात नसे. त्या दिवशी गेली. आठ नंबरच्या खाटेवर द्रौपदी नावाची पंचविशीची मुलगी तापाने फणफणत पडली होती. बाळ शेजारी तिच्या आईच्या मांडीवर रडत होतं. टाक्यांच्या दुखण्याने तिला कुशीवर वळता येत नव्हतं, त्यामुळे बाळाला पाजता येत नव्हतं.

सुलक्षणाचा गणवेश बघून द्रौपदी म्हणाली, “मावशी, भाताने टाके पिकतात का हो? सासूबाई म्हणतात, भात खाल्लास म्हणून झालं. मी फक्त दोनदा खाल्ला.”

“नाही गं. भाताने नाही पिकत.”

“मग कशाने?”

सुलक्षणाने बाळाचा लंगोट बदलला आणि ती खाली आली. संध्याकाळी निघण्यापूर्वी तिने रजिस्टरच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढले.

नाहूरच्या घरी तिने जेवणाच्या टेबलावर अर्ज लिहायला घेतला. महापालिकेच्या आरोग्य खात्याला. नवरा चंद्रप्रकाश प्लंबिंगची कामं करायचा. त्याने अर्ज दोनदा वाचला.

“नाव नको टाकू ना. नाव न टाकता पण देतात लोक.”

“तसे अर्ज कोण वाचतो?”

“अगं, बाबांची गिरणी बंद झाली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. गेट एकदा बंद झालं की मागे वळून कोण बघत नाय. तुका ह्यां कित्याक व्हया?”

गावची मालवणी तो काळजीत असला की बोलायचा. सुलक्षणाने पेन खाली ठेवलं. “त्या पंधरा पट्ट्यांसमोर माझी सही आहे, हो. ती मी पुसू शकत नाही. मग तक्रारीवर तरी कशी टाळू?”

दुसऱ्या दिवशी अर्ज द्यायला मात्र चंद्रप्रकाशच तिच्यासोबत गेला.

तीन आठवड्यांनी दोन अधिकारी आले. त्यांच्या आधी हर्षद तळघरात आला होता आणि त्याच्या हातात सुलक्षणाच्या अर्जाची प्रत होती. तिचं अक्षर, तिचं नाव, घरचा पत्ता.

“हे तुमच्याकडे कसं आलं?” तिने विचारलं.

“खुलासा मागवलाय आमच्याकडून. सोबत अर्ज जोडलाय,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, थकवा होता. “माझ्याशी बोलायचं होतंत मॅडम.”

“सोळा वेळा बोलले.”

अधिकाऱ्यांनी मशीन बघितलं, रजिस्टर चाळलं. मग श्रुतिकाला बोलावलं. पॅक वर तीच उघडायची. अर्धवट पट्ट्या तिनेही पाहिल्या होत्या. डबा खाताना दोघी त्याबद्दल बोलायच्या.

“पट्ट्यांचा रंग पूर्ण बदलत नव्हता, असं तुमच्या लक्षात आलं का?”

श्रुतिकाने सुलक्षणाकडे बघायचं टाळलं. “घाई असते सर. माझं लक्ष नसायचं.”

त्या दिवसापासून ती डबा खायला खाली आली नाही. महिना संपता संपता कंत्राटदाराचा फोन आला. “तक्रार-बिक्रार काही नाही हं ताई. कंत्राट संपलंय, तुमचं नाव नवीन यादीत नाही, बस.”

मुलुंडला मृणालिनी फणसे नावाच्या वकीलबाई कामगारांचे खटले चालवायच्या. त्यांनी सगळे कागद नीट बघितले.

“मला वाटलं होतं, तक्रार करणाऱ्याला काढता येत नाही. असा कायदा आहे ना मॅडम?”

“झालाय एक, दोन हजार चौदा साली. पण तो सरकारी कारभारातला भ्रष्टाचार उघड करणाऱ्यांसाठी. आणि तोसुद्धा अजून अंमलात आणलेला नाही. तुम्ही खासगी रुग्णालयात, त्यातून कंत्राटावर.”

“मग माझ्यासाठी काय?”

“बेकायदा कामावरून काढल्याचा दावा लावू शकतो. चार-पाच वर्षं धरून चाला. तुमच्या बाजूने कोणी साक्ष देईल?”

सुलक्षणाला श्रुतिका आठवली. “तिचं नाव मी देणार नाही,” ती म्हणाली. “तिला इच्छा झाली तर ती येईल.”

दावा लावला. तारखा पडू लागल्या. दरम्यान मुलुंडच्या आणि बोरिवलीच्या दोन रुग्णालयांनी तिला मुलाखतीला बोलावलं, कामाची माहिती ऐकून पसंती दाखवली, जुन्या ठिकाणी फोन केला आणि मग कळवलं नाही. शेवटी घराजवळच्या एका दातांच्या दवाखान्यात अर्ध्या दिवसाचं काम मिळालं. तिथेही हत्यारं निर्जंतुक करायची होती. मशीन स्वयंपाकघरातल्या ओव्हनएवढं.

पावसाळा सरल्यावर महापालिकेचं पत्र आलं. तक्रारीत तथ्य आढळले, संबंधितांना समज देण्यात आली, यंत्र बदलण्यात आले, सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. तिला कामावरून काढल्याबद्दल त्यात अक्षर नव्हतं. चंद्रप्रकाशने पत्र वाचलं, घडी घातली आणि म्हणाला, “मशीन तरी बदललं.”

आणि एका रविवारी दुपारी दारात श्रुतिका उभी. सहावा महिना असावा. तिसरा मजला चढून दम लागला होता.

सुलक्षणाने तिला पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं.

“ताई, तेव्हा माझे उपचार चालू होते. सात वर्षांनी... मला वाटलं, नोकरी गेली तर सगळंच जाईल.” तिने पेला घट्ट धरला होता. “तुम्ही रागावलात ना माझ्यावर?”

“हो,” सुलक्षणा म्हणाली. “खूप रागावले. अजून आहे राग.”

श्रुतिकाने मान हलवली. मग हळूच म्हणाली, “आपल्याच हॉस्पिटलात बाळंतपणासाठी नाव घालायला सांगतायत घरचे. स्टाफला सवलत आहे. पण मला भीती वाटते. तुम्ही सांगा, घालू का? तुम्ही सांगाल ते.”

इतक्या महिन्यांत त्या इमारतीबद्दल एक चांगला शब्द सुलक्षणाच्या तोंडून निघाला नव्हता.

“खाली आता कोण आहे?”

“दिशा म्हणून एक मुलगी आहे. नवीन आहे, पण पट्टी नीट झाली नाही तर पॅक परत लावते. सर काही बोलत नाहीत तिला.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही.”

“मग घाल नाव,” सुलक्षणा म्हणाली. “मशीन नवीन आहे, मुलगी चांगली आहे. बिनधास्त घाल.”

श्रुतिका रडू लागली. सुलक्षणाने तिला रडू दिलं. मग कुकरमधला गरम भात वाढला, वर वरण, तूप घातलं आणि ताट तिच्यापुढे सरकवलं.