दोन लुंग्या

"मग त्याला अपेंडिक्स म्हणून सांगू का?" सोनमनं विचारलं, आणि माझ्या पोटात, अपेंडिक्स असतं त्याच बाजूला, कळ आली.

विट्याच्या दवाखान्यात आमच्या नऊ वर्षांच्या शंभूराजला बाहेर बाकावर मोबाईल देऊन बसवलं होतं. सहा आठवडे मलम लावून झालं, तरी त्याच्या लघवीच्या जागेची कातडी मागं सरकत नव्हती. लघवी करताना ती फुग्यासारखी फुगायची. दोनदा पू झाला होता. आता सुंता करायची ठरली होती.

"लहानपणी कातडी घट्ट असतेच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तेव्हा काही करायचं नसतं, ओढायची तर मुळीच नाही. याची मात्र वण धरून आवळलीय. पूर्ण भूल देऊ, म्हणून सकाळपासून उपाशी ठेवा. टाके आपोआप विरघळतील. आठवडाभर सूज राहील, लघवीला चुरचुरेल. सैल कपडे घाला, सायकल बंद. रक्त थांबेना, ताप आला किंवा लघवी अडली, तर लगेच घेऊन यायचं. आणि त्याला खरं सांगा. या वयात दुखलेलं विसरतात मुलं, फसवलेलं नाही."

"गावात काय सांगायचं?" सोनम माझ्याकडं वळली.

"माझ्या वेळी अपेंडिक्स सांगितलं हुतं," मी म्हणालो.

"मग?"

"मग गावानं टाकं बघायला मागितलं."

तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि माझीही कातडी अशीच आवळली होती. आमचे आबा, म्हणजे कोंडीबा, सेलमला गलाईच्या दुकानात सोनं गाळायचे आणि वर्षातून एकदा, जत्रेला, घरी यायचे. त्या वर्षी जत्रा नसताना आले. बॅगेत निळ्या चौकड्यांच्या दोन लुंग्या होत्या, एक मोठी आणि एक कापून छोटी केलेली. शेजारच्या दुकानातल्या सिकंदरभाईंनी त्यांना सगळं शिकवून पाठवलं होतं. पोराला आधी सांगा, लुंगी नेसवा, आणि स्वतः जवळ राहा.

आबांनी मला एसटीत सांगितलं. "रवी, खोटं न्हाई सांगत. थोडी कातडी काढायची हाय. निजवून काढत्यात, कळायचं न्हाई. उठल्यावर दुखंल. लय न्हाई, पर दुखंल."

"पोरं चिडवतील."

"कुणाला कळणार न्हाई. त्ये माझ्याकडं लागलं."

आई तोवर गावात अपेंडिक्स सांगून मोकळी झाली होती. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी रंगुबाई बिस्किटाचा पुडा घेऊन आली. तिच्या सुनेचं अपेंडिक्स काढलेलं, त्यामुळं गावात त्या विषयाचा शेवटचा शब्द तिचा.

"दाव बरं टाकं. माज्या सुनंला सात पडलं हुतं." तिनं माझा सदरा वर केला. पोट कोरं होतं.

आबा उठले. सोनं मुशीत ओतताना माणूस जितका शांत असतो तितक्या शांतपणे म्हणाले, "आवं काकी, ऑपरेशन त्याचं न्हाई. माझं झालंय. सेलमला."

"कशाचं?"

आबांनी स्वतःच्या लुंगीकडं पाहिलं. "नसबंदी."

नसबंदी पुरुषाचीही होते, हीच आमच्या गावात बातमी होती. रंगुबाईनं माझ्या हातातला पुडा काढून आबांच्या हातात दिला.

"आन ह्यो का लुंगी नेसून निजलाय?"

"मला सोबत."

"गुणाचं गं लेकरू!" म्हणत ती गेली.

मग आबांना तसं चालणं भाग पडलं. दहा दिवस मी घरात पाय फाकून चाललो आणि ते गावात. पारावर बसताना ते विव्हळायचे. घरी माझं ऐकून सराव करायचे. मला बरं वाटलं त्या दिवशी तेही बरे झाले. नर्सबाईंचं नसबंदीचं वर्षाचं टार्गेट अपुरं होतं, त्या वही घेऊन धावत आल्या. आबा म्हणाले, कागद तमिळमध्ये आहेत. ग्रामसभेत नारळ-टॉवेल देऊन त्यांचा सत्कार झाला, भाषणही करावं लागलं. "घाबरू नका," आबा माईकवर म्हणाले. "उठल्यावर दुखतं. लय न्हाई, पर दुखतं."

दोन वर्षांनी माझी बहीण प्रांजल झाली. सगळ्या गावानं पेढे खाल्ले. एकानंही 'हे कसं काय' विचारलं नाही, याचं मला कितीतरी वर्षं नवल वाटत होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी शंभूराजला मी खरं सांगितलं, आणि आबांचंही सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला. मग विचारलं,

"तुमच्यासंगट आजोबा चालले. माझ्यासंगट कोण?"

आबांना जाऊन दोन वर्षं झालीत. मी ट्रंक उघडली. दोन्ही लुंग्या डांबरगोळ्यांत एकावर एक होत्या.

ऑपरेशन नीट झालं. चौथ्या दिवशी शंभूराज छोटी लुंगी नेसून दारात खुर्चीवर बसला, आणि मी मोठी नेसून, पाय फाकून दुधाला निघालो. पारावर आबांच्या वयाचे नानासोतात्या होते.

"काय रं रवी, ऑपरेशन?"

"शंभूचं. सुंता केली."

"मग तू का फाकतुयास?"

"सोबत."

तात्या हसले नाहीत. "कोंडीबाला ह्ये जमायचं न्हाई बग. सकाळी डावा पाय वढायचा, सांजला उजवा. हिरीपाशी कोन न्हाईसं बगून नीटच चालायचा."

"म्हंजी तुमाला ठावं हुतं?"

"समद्या गावाला. रंगुबाई तुमच्यातनं भाईर पडली ती थेट हितं आली. म्हनली, कोंडीबा सांगंल त्ये खरं धरायचं, पोरगं लाजतंय."

"आन त्यो सत्कार?"

"त्यो खराच केला हुता."

तात्यांनी बुडाखालची घोंगडी काढली, तिची घडी घातली आणि माझ्याकडं सरकवली. दारातून शंभूराज बघत होता. मी विव्हळत तिच्यावर बसलो.