हिराबाईचा तांदूळ

साखरशेतच्या पलीकडच्या पाड्यावर त्या दिवशी शेतात कुणी गेलंच नव्हतं. मोहाच्या झाडाखाली ही गर्दी! घरटी मूठभर तांदूळ पळसाच्या पानांवर मांडले होते आणि मधोमध, देवीची तसबीर आणि तिच्यापुढं आपलेही तांदूळ मांडून, बसला होता विनोदबाबा. परवापरवापर्यंत हा गडी ठाण्याकडे गोदामात ओझी उचलत होता. तिथंच म्हणे त्याला देवी भेटली. एवढं जंगल सोडून देवीला गोदामातच यावंसं वाटलं, त्याला आपण काय करणार!

"दूध का दूध, पानी का पानी!" बाबा गरजला. "पुष्पलताचा पोर कोणी खाल्ला, ते देवीचं पाणी सांगेल. निर्दोष का चावल सफेद, भुताळी का काला!"

पुष्पलताचं लहान पोर नुकतंच दगावलं होतं, आणि ते खाणारी भुताळी, म्हणजे चेटकीण, आज शोधायची होती. जानकीबाई गर्दीच्या कडेला उभ्या होत्या. त्या आश्रमशाळेत विज्ञान शिकवत. जव्हारात चार मित्रांसोबत अंधश्रद्धेविरुद्ध भाषणं करत, लोक टाळ्या वाजवत. इथं टाळ्या नव्हत्या. झाडाला काठ्या टेकून ठेवल्या होत्या, आणि त्या कशासाठी हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. पोलिसांना फोन केला होता, पण घाटातून गाडी यायला वेळ होता.

बाबा तांब्यातलं तपकिरी पाणी पानापानावर शिंपडत निघाला. भिकाचा तांदूळ पांढरा. पोराच्या बापाचा, रोहिदासचा, पांढरा. एकट्या राहणाऱ्या हिराबाईच्या पानापाशी मात्र तो थबकला, डोळे फिरवले, तांब्या लाल फडक्याखाली नेला, पुन्हा बाहेर काढला आणि ओतला. बघता बघता तांदूळ काळानिळा पडला.

एकच गलका उठला.

"मी नाय केला काय!" हिराबाई रडत म्हणाली. "तो पोर माझ्याच मांडीवर खेलायचा!"

ऐकतो कोण? तिच्या दारात तर सकाळीच कुणीतरी तिची वाट अडवायला बाभळीच्या काटेरी फांद्या टाकल्या होत्या. म्हणजे निकाल आधी लागला होता, तांदूळ नंतर काळा झाला.

इतक्यात बाईंच्या नाकात एक ओळखीचा वास शिरला, शाळेतल्या औषधपेटीचा. त्या पुढं झाल्या आणि फडकं ओढलं. खाली दुसरा तांब्या! बाबाच्या हातातला हिसकावून त्यांनी तो देवीपुढं मांडलेल्या त्याच्याच तांदळावर कलता केला. तोही काळाठिक्कर.

"पाहिलंत?" बाई विजयानं म्हणाल्या.

लोकांनी पाहिलं खरं, पण भलतंच पाहिलं.

"अरं, हाच भुताळा हाय!" रोहिदास ओरडला. "धरा त्याला!"

झाली का पंचाईत! हिराबाईसाठी आणलेल्या काठ्या बाबाकडे वळल्या. बाबाची हिंदी कुठल्या कुठं पळाली. "बाई, मला वाचवा वं!" एवढंच तो बोलला. खाऊ दे चार रट्टे, असं बाईंना वाटलं. वाटणारच, माणूस आहेत. पण त्या मधे जाऊन उभ्या राहिल्या, आणि पहिली काठी त्यांच्याच खांद्यावर बसली. रोहिदास दचकून थांबला.

कळ दाबत बाईंनी पिशवीतून आपला डबा काढला. उरलेल्या भातावर तेच पाणी ओतलं. भात निळाकाळा.

"मग मीही भुताळी? रोहिदास, तुझ्या घरचा तांदूळ आण."

तो काळा झाला. भिकाचा काळा झाला. एकेक पान काळं पडत गेलं, तशा काठ्या खाली आल्या.

"हे जखमेचं औषध, आयोडीन," बाई म्हणाल्या. "तांदूळ कुणाचाही असो, त्यातल्या पिठाला ते काळंनिळं करतंच. दुसऱ्या तांब्यात काय आहे रे?"

"गुलाचा पाणी," बाबा पुटपुटला.

"गुळाच्या पाण्यानं काही होत नाही. फरक तांब्यात होता, माणसांत नव्हता."

तेवढ्यात पुष्पलता उठली. "मंग माझा पोर कशानं गेला, बाई?"

बाई तिच्याजवळ गेल्या.

"तापानं," बाई हळूच म्हणाल्या. "लवकर दवाखान्यात पोचला असता, तर कदाचित वाचला असता. इथवर गाडीचा रस्ता नाही, त्यासाठी भांडू या. मी येते तुमच्याबरोबर. पण हिराबाईला हाकलून रस्ता होणार नाही."

पोलीस आले, बाबाला घेऊन गेले. माणसं मान खाली घालून पांगली. हिराबाई आपल्या दारापाशी उभी होती.

"तांदूल सगल्यांचा काला झाला," ती म्हणाली. "काटं मात्र माझ्याच दारात."

बाई वाकल्या, पण दुखरा हात वर होईना. तेव्हा पुष्पलता आली. तिनं एक फांदी उचलून बाजूला टाकली, मग दुसरी. बाकीचा पाडा आपापल्या ओट्यावरून नुसता बघत होता.

बाबा तुमच्याही गावात येईल. त्याला एवढंच सांगा, "तेच पाणी आधी तुझ्या तांदळावर ओत." आणि तो खोटा ठरला म्हणून काम संपलं असं समजून घरी जाऊ नका. काटे उचलायचे राहिलेले असतात.