अर्धी मिशी आणि संघातली एक जागा

मित्रांनो, दाढी-कटिंगच्या दुकानात आरशासमोर असते ना, तशी मी एक जुनी खुर्ची आहे. माझा पाय ओतीव लोखंडाचा आणि बैठक लाल रेक्झिनची. एका छोट्या कारखान्यात तीन कारागिरांनी मला घडवलं. टेम्पोतून मी या दुकानात आले, तेव्हा मालकांनी आधी स्वतः माझ्यावर बसून दोन गिरक्या घेतल्या. चाळिशीचा माणूस, पण चेहरा पहिलीतल्या पोरासारखा फुलला होता.

मालकांचा वस्तरा जितका हलका, तितकीच जीभ भरधाव. समोरच्या बाकावर त्यांचे सासरे रोज पेपर घेऊन बसायचे. ते निवृत्त पोस्टमन. सासऱ्या-जावयांचं सगळ्या बाबतींत जमायचं, फक्त एका माणसावरून रोज जुंपायची. तो माणूस म्हणजे राष्ट्रीय क्रिकेट संघातला एक अष्टपैलू खेळाडू. कधी संघात, कधी बाहेर, म्हणून लोकांनी त्याचं नाव 'तळ्यातमळ्यात' पाडलं होतं.

"मामा, तो बॅटिंगला सातवा, बोलिंगला पाचवा आणि पाणी न्यायला पहिला," मालक म्हणायचे.

"जावईबापू, त्याच्यामुळे संघाला तोल आहे!"

"तोलच हवा असेल तर तराजू पाठवा की!"

मला क्रिकेटमधलं काही कळत नाही. मला माणसांच्या पाठी कळतात. हे भांडण सुरू झालं, की माझ्यावर बसलेलं गिऱ्हाईक मान आखडून घ्यायचं, कारण वस्तरा मालकांच्याच हातात असायचा.

एका दुपारी एक उंच माणूस डोळ्यांवर टोपी आणि नाकाला रुमाल लावून आला. त्याला सर्दी झाली होती. "फक्त दाढी, मिशी राहू द्या," एवढंच तो म्हणाला. मालकांनी भिंतीवरच्या टीव्हीवरची नजर न काढता त्याच्या तोंडाला भरपूर साबण फासला. तेवढ्यात बातमी आली, की मालिकेच्या शेवटच्या सामन्यासाठी उद्या संघ निवडणार आणि एकच जागा शिल्लक आहे.

झालं! सासऱ्यांनी पेपर खाली टाकला. "त्यालाच घ्यायला पाहिजे."

"कशासाठी? ना धड बॅट्समन, ना धड बोलर. बोलिंग टाकतो कशी माहीत आहे? अशी!"

मालकांनी डावा हात गरागरा फिरवला. गिऱ्हाइकाच्या दोन्ही मुठी माझ्या हातांवर आवळल्या गेल्या. त्याची पाठ ताठ झाली. मालकांचा डावा हात चेंडू टाकत होता, पण वस्तरा धरलेला उजवा गिऱ्हाइकाच्या ओठावरच होता. सर्रकन आवाज आला.

मालकांनी घाबरून टॉवेलनं साबण पुसला. आरशात एक चेहरा होता, त्याला अर्धी मिशी होती. नेमका तोच चेहरा पूर्ण मिशीसह टीव्हीवर दिसत होता.

"तुम्ही... तुम्ही फार छान बोलिंग टाकता हो," मालक कसेबसे म्हणाले.

"आत्ता तर म्हणत होतात..." सासऱ्यांनी सुरुवात केली आणि जावयाचा चेहरा बघून वाक्य गिळलं.

खेळाडूनं आरशात बघत अर्ध्या मिशीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "उरलेली पण काढून टाका. अर्धवट म्हणून आधीच माझं नाव झालंय."

आयुष्यात पहिल्यांदाच मालक एक शब्द न बोलता दाढी करत होते. शेवटी खेळाडूच म्हणाला, "काका, तुमचं अगदीच चूक नाही. माझं नेमकं काम काय, हे मला अजून कुणी सांगितलंच नाही. तुम्हीच सांगा, मी कशावर भर देऊ?"

"बॅटिंगवर!" "बोलिंगवर!" सासरे-जावई एकदमच ओरडले.

तो इतका हसला, की मीसुद्धा हलले.

त्या जागेवर त्याचीच निवड झाली. त्यानं बावीस धावा केल्या, एक बळी घेतला आणि एक अवघड झेल पकडला. संघ जिंकला, पण विजयी फटका दुसऱ्यानंच मारला. दुकानातला वाद मिटला नाही, फक्त बाजू बदलल्या. "त्याच्याशिवाय संघ अपुरा!" असं आता मालक ठणकावत होते आणि सासरे "बावीसच ना?" म्हणून नाक मुरडत होते. पुढे महिनाभर लोक 'त्याच्या' खुर्चीत बसायला रांग लावत होते.

पण पुढच्या दौऱ्याला त्याचं नाव नव्हतं. ते जाहीर झालं त्या संध्याकाळी तो पुन्हा येऊन माझ्यावर बसला. त्याची पाठ भिजलेल्या पोत्यासारखी जड लागली. सासऱ्यांनी उठून टीव्ही बंद केला. मालकांनी त्याला सावकाश मालिश केली, डोक्यापासून खांद्यांपर्यंत. हळूहळू ती पाठ सैल झाली आणि तो चक्क घोरायला लागला. बाहेर दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती, पण सासरे दारात आडवे उभे राहिले. "थांबा जरा," ते कुजबुजले, "आत कामाचा माणूस झोपलाय."

आता दुकानात नवी गुबगुबीत खुर्ची आली आहे. माझं रेक्झिन उसवलंय आणि मी कोपऱ्यात आहे. माझ्या हातांवर फळी ठेवून तुमच्यासारख्या मुलांचे केस कापतात. म्हणून एवढंच सांगते, मित्रांनो. गळ्याभोवती कापड बांधलेल्या माणसाला उठून उत्तर देता येत नाही. कुणाला नावं ठेवण्याआधी, तो समोर तर बसला नाही ना, एवढं बघा. आणि नसला, तरी बसलाय असं समजूनच बोला.